स्टेजवरचा टॉकबॅक: आधी वाट बंद करा, मग माईक जोडा

गाणं रंगात आलेलं असतं. गायिका दुसरा अंतरा सोडून थेट मुखड्यावर येते. कीबोर्डवाल्याला ते कळतं, ढोलकीवाल्याला नाही. डोळ्यांनी खुणावावं तर मधे धूर, वर फिरते लाईट, आणि ढोलकीवाल्याची मान खाली. पुढची दोन आवर्तनं सगळे एकमेकांना शोधत बसतात. अशा वेळी वादकांना आपापसांत आणि मिक्सरवरच्या ऑपरेटरशी बोलता यावं, पण प्रेक्षकांना त्यातलं अक्षरही ऐकू जाऊ नये, यासाठी लावलेला वेगळा माईक म्हणजे टॉकबॅक.

आमच्या कुडाळ-मालवण-देवगड पट्ट्यात आता बऱ्याच ऑर्केस्ट्रांकडे डिजिटल मिक्सर आहेत आणि कानातले मॉनिटरही (वादकाला गाणं-वाजवणं ऐकवणारे इअरफोन) आहेत. त्यामुळे टॉकबॅक लावणं अवघड राहिलेलं नाही. तरीही तो चुकतो, आणि बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने चुकतो. लोक माईक आधी जोडतात, कानात आवाज आला की खूश होतात, आणि तो आवाज बाहेरही जातोय हे भर कार्यक्रमात कळतं. क्रम उलटा हवा. आवाज जिथे जायला नको त्या सगळ्या वाटा आधी बंद करायच्या, त्या बंद आहेत याची खात्री करायची, आणि त्यानंतरच माईकला हात लावायचा. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा टप्पा नंतर करू म्हणून सोडू नका.

एक फरक आधीच सांगतो. मिक्सरवर ‘टॉकबॅक’ नावाचं बटण असतं, ते ऑपरेटरने स्टेजशी बोलायचं. इथे आपण उलट्या दिशेचं बोलतोय. स्टेजवरून स्टेजवर, आणि स्टेजवरून ऑपरेटरकडे.

टप्पा १: कोण बोलणार, कोण ऐकणार, हे कागदावर

वहीचं एक पान घ्या. डावीकडे बोलणाऱ्यांची नावं, वर ऐकणाऱ्यांची. प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही लिहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि हेच पान पुढे मिक्सरवर उतरवायचं आहे.

बोलणारे कमीत कमी ठेवा. दहा जणांच्या संचाला दोन माईक पुरतात: एक संयोजकाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी कीबोर्डवाल्याला, आणि एक ऑक्टोपॅड किंवा ड्रमवाल्याला, कारण गाणं सुरू आणि बंद त्याच्याच हाताने होतं. तिसरा माईक द्यायचाच तर निवेदकाच्या बाजूला विंगेत द्या, म्हणजे पुढचं गाणं बदललं तर तिथून कळवता येईल. प्रत्येकाला माईक दिला की कानात बाजार भरतो.

ऐकणाऱ्यांच्या बाबतीत गायकांचा विचार वेगळा करा. आलाप चालू असताना कानात कुणी बोललं तर भल्याभल्यांचा सूर हलतो. माझा शिरस्ता असा की मुख्य गायकाच्या कानात फक्त संयोजकाचा माईक जातो, तोही इतरांपेक्षा हळू. ड्रमवाल्याचा माईक गायकाकडे जातच नाही. काही गायक म्हणतात, आम्हाला काहीच नको. त्यांचं ऐका.

सावध: टॉकबॅक फक्त कानात घालायच्या मॉनिटरमध्ये द्यायचा. जमिनीवरच्या वेज मॉनिटरमधून दिला तर पुढच्या दोन रांगा सगळं ऐकतात, आणि वेज शिट्टी मारायला लागतो ते वेगळंच. ढोलकीवाला अजून वेजवरच वाजवत असेल तर त्याला एक वायरचा हेडफोन अॅम्प्लिफायर आणि साधा इअरफोन द्या. ते जमत नसेल तर त्याला यादीतून वगळा आणि त्याच्या शेजारच्या माणसाने त्याला हाताने खूण करायची असं ठरवून टाका.

मिक्सरवर ऑक्झ, म्हणजे मुख्य स्पीकर सोडून वेगळा आवाज बाहेर देणाऱ्या वाटा, किती आहेत तेही याच कागदावर लिहा. बेहरिंगर एक्सआर-१८ सारख्या छोट्या मिक्सरवर सहा ऑक्झ असतात. सहाही कानांना वाटून टाकले तर ऑपरेटरला टॉकबॅक ऐकवायला काही उरत नाही. त्याच कंपनीच्या मोठ्या एक्स-३२ वर अशा सोळा वाटा (बस) आहेत, तिथे ही अडचण येत नाही.

टप्पा २: सामान

माईक साधा डायनॅमिक (वीज न लागणारा), कार्डिऑइड (समोरचंच जास्त उचलणारा) घ्या. कंडेन्सर नको, तो अख्खं स्टेज गोळा करून सगळ्यांच्या कानात ओततो. महागडा माईकही नको. बोलणं समजलं की काम झालं. पिशवीत जुना, जाळी चेपलेला पण चांगला वाजणारा माईक असतो, तोच टॉकबॅकला लावा.

खरा प्रश्न स्विचचा असतो. इथे घाई करू नका.

माईकच्या अंगावरचा सरकता स्विच, जसा शुअर कंपनीच्या एसएम-५८ माईकच्या स्विचवाल्या प्रकारात असतो, तो टॉकबॅकला मला पटत नाही. एकदा वर सरकवला की वरच राहतो. माणूस बोलतो, दोन्ही हात पुन्हा कीबोर्डवर जातात आणि माईक उघडाच. पुढची तीन गाणी सगळ्यांच्या कानात झांजा आणि त्याचं गुणगुणणं. हवा तो दाबून धरेपर्यंतच चालणारा स्विच, आणि तोही पायाचा. पाय उचलला की माईक बंद. विसरायचा प्रश्नच राहत नाही.

जो वादक गातोही, त्याला एकाच माईकवर दोन्ही कामं करता येतात. रेडियल कंपनीचा हॉटशॉट डीएम-१ यासाठीच आहे. पाय दाबला की तोच माईक मुख्य वाटेवरून निघून दुसऱ्या वाटेवर जातो. तो डायनॅमिक माईकसाठी बनवलेला आहे, कंडेन्सरसाठी नाही. ऑप्टोगेट हा दुसरा मार्ग. माईकसमोर माणूस आला की तो उघडतो आणि दूर झाला की बंद. त्याला ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून माईकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागतो. मात्र छोट्या स्टेजवर माईकसमोरून सारखं कुणीतरी जातं, म्हणून मी तो गर्दीच्या संचात वापरत नाही.

बहुतेकांकडे यातलं काहीच नसतं. गावातला इलेक्ट्रॉनिक्सवाला पायाची डबी बनवून देतो, पण ती चुकीची बनवतो, म्हणून इथे जरा थांबून नीट सांगतो.

एक्सएलआरच्या, म्हणजे माईकच्या केबलच्या गोल प्लगच्या, तीन पिनांपैकी १ म्हणजे शील्ड (वायरींभोवतीचं जाळीचं आवरण), २ आणि ३ वर आवाज. कारागीर सरळ पिन २ च्या वायरमध्ये स्विच घालतो, म्हणजे दाबलं की जोडलं, सोडलं की तुटलं. असं केलं की प्रत्येक दाबेला कानात फटका बसतो, आणि तुटलेल्या अवस्थेत लोंबकळणारी वायर घरघर उचलते. बरोबर पद्धत अशी: तिन्ही वायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाऊ द्यायच्या. स्विच लावायचा पिन २ आणि ३ यांच्या मधे. तोही नॉर्मली क्लोज्ड प्रकारचा, म्हणजे न दाबता जोडलेला आणि दाबल्यावर उघडणारा. पाय नसताना २ आणि ३ एकमेकांना चिकटलेल्या असतात, आवाज तिथेच मरतो. पाय दाबला की त्या सुट्या होतात आणि आवाज पुढे जातो. डायनॅमिक माईकला याने काही इजा होत नाही, आणि चुकून फँटम चालू राहिला तरी दोन्ही पिनांवर सारखाच व्होल्टेज असल्यामुळे फटका बसत नाही. डबी धातूची घ्या आणि तिचं अंग पिन १ ला जोडा.

या डबीची एक खोड मात्र आपल्या किनाऱ्यावर जास्त जाणवते. खारी हवा स्विचच्या आतल्या पत्रीवर थर धरते. थर धरला की ‘बंद’ अवस्थेत २ आणि ३ नीट चिकटत नाहीत. म्हणजे ही डबी बिघडते तेव्हा माईक बंद पडत नाही, उघडा राहतो. नेमका नको तोच बिघाड.

तपासा: माईक न जोडता डबीच्या आउट सॉकेटमध्ये पिन २ आणि ३ वर मल्टिमीटर लावा. पाय नसताना एक ओहमच्या आत आकडा दिसला पाहिजे. दाबल्यावर पूर्ण उघडं. न दाबता १०, २०, ४० असा आकडा नाचायला लागला की त्या डबीतून कुजबुज गळणार. काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा स्विच दाबा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला नाही तर स्विच बदला. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या जत्रेआधी हे मोजणं मी कधीच चुकवत नाही.

बाकी सामान थोडक्यात: छोटा बूम स्टँड किंवा गूजनेक, फोमची टोपी, दोन जादा एक्सएलआर केबल, गॅफर टेप, आणि ऑपरेटरसाठी एक छोटा पॉवर्ड स्पीकर.

टप्पा ३: मिक्सरवर बाहेरच्या वाटा बंद करणं

अजून माईक जोडलेला नाही. तसाच राहू द्या.

१. चॅनल शेवटचे निवडा. बत्तीसच्या मिक्सरवर ३१ आणि ३२, सोळाच्या मिक्सरवर १५ आणि १६. गायकांच्या माईकच्या मधोमध टॉकबॅक ठेवला तर घाईत ऑपरेटरचा हात त्याच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर) जाणारच. नाव ठळक लिहा, रंग लाल द्या.

२. चॅनल म्यूट करा.

३. मेन एलआरची, म्हणजे मुख्य स्पीकरला जाणाऱ्या डाव्या-उजव्या वाटेची, जोडणी काढा. डिजिटल मिक्सरवर प्रत्येक चॅनलला त्यासाठी बटण असतं. ते बंद झाल्यावर फेडर वर नेला तरी मुख्य स्पीकरला काही जात नाही. फक्त फेडर खाली ओढून ठेवणं म्हणजे वाट बंद करणं नव्हे, कारण फेडर कुणाच्याही कोपराने वर जातो. छोट्या अॅनालॉग मिक्सरवर असं बटण नसेल तर दुसरा इलाज नाही: फेडर तळाला, त्यावर टेप, आणि कानाचे ऑक्झ प्री-फेडर, म्हणजे फेडर कुठेही असला तरी आवाज जाणारे.

४. मोनो किंवा सबची (खर्जाच्या स्पीकरची) वाट वेगळी असेल तर तीही काढा. सबग्रुपमधून (अनेक चॅनल एकत्र करणाऱ्या वाटेतून) काढा. रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) यांचे सेंड, म्हणजे चॅनलमधून तिकडे जाणारा आवाज, शून्यावर आणा. हे सर्रास राहून जातं. टॉकबॅक मेनला नसतो, पण रिव्हर्बला गेलेला असतो, आणि रिव्हर्ब मेनला जातो. बाहेर भुतासारखा घुमणारा आवाज येतो आणि तो कुठून येतो ते सापडत नाही.

५. आता आउटपुटच्या बाजूने उलटं बघा. मिक्सरच्या मागे जा आणि कुठल्या कुठल्या सॉकेटमधून वायर बाहेर गेली आहे ते मोजा. मुख्य स्पीकर, कानांचे ट्रान्समीटर, व्हिडिओ शूटिंगवाल्याला दिलेली लाईन, लाइव्ह दाखवणाऱ्या लॅपटॉपची लाईन, आणि जत्रेत किंवा गावच्या मंडपात असतील तर रस्त्यावरचे कर्णे. प्रत्येक वायरचं नाव कागदावर लिहा आणि तिला टॉकबॅक जात नाही हे एकेक करून बघा.

हा पाचवा मुद्दा मी एका मुलीला दुखावून शिकलो. किनाऱ्यालगतच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता. मेन एलआर मी स्वतः बंद केलं होतं, रिव्हर्बही. पण देवळाच्या वाटेवर लावलेल्या कर्ण्यांना लाईन एका ऑक्झवरून दिली होती, आणि त्या ऑक्झवर आदल्या कार्यक्रमाचे सेंड तसेच उघडे होते. नवीन गायिका होती, पहिल्यांदाच मोठ्या स्टेजवर आलेली. दुसऱ्या गाण्यात तिची पट्टी सरकली. मी टॉकबॅकवर ड्रमवाल्याला म्हटलं, ‘बेसूर जातेय, लवकर कट घे.’ स्टेजसमोर कुणाला काही कळलं नाही. पण वाटेवर नारळ आणि खाज्याच्या दुकानांपाशी तिची आई आणि मामा उभे होते, आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून त्यांनी ते स्पष्ट ऐकलं. ती पुन्हा आमच्याबरोबर गायला आली नाही. तेव्हापासून मिक्सरच्या मागे जाऊन वायरी मोजल्याशिवाय मी टॉकबॅकचा माईक जोडू देत नाही.

६. सीनचा, म्हणजे मिक्सरवर साठवून ठेवलेल्या सेटिंगचा, सापळा. भाड्याच्या मिक्सरवर आदल्या दिवसाची फाईल असते. ३१ नंबर काल ‘पाहुण्यांचा माईक’ असेल तर तो मेनला जोडलेला असणार. तुम्ही तो बंद केलात आणि ऑपरेटरने मधेच जुना सीन बोलावला, तर जोडणी परत येते. टॉकबॅकच्या चॅनलना रिकॉल सेफमध्ये टाका (म्हणजे सीन बोलावला तरी ते बदलत नाहीत), किंवा तुमच्या जोडणीसकट नवीन सीन सेव्ह करून दिवसभर तोच वापरा.

७. म्यूट ग्रुप, म्हणजे एका बटणाने एकत्र बंद होणारे चॅनल. टॉकबॅकचा स्वतंत्र ग्रुप करा. गायकांच्या ग्रुपमध्ये त्याला अजिबात टाकू नका. निवेदन सुरू झालं की ऑपरेटर सगळे गायक एका बटणाने बंद करतो, आणि वादकांना पुढचं गाणं ठरवायला टॉकबॅक नेमका तेव्हाच लागतो.

तपासा: चॅनल म्यूट केल्यावर कानात जाणारा सेंडही बंद होतो का? काही मिक्सरवर प्री-फेडर सेंड म्यूटनंतरही चालू राहतात, काहींवर हे सेटिंगमध्ये ठरतं. तुमच्या मिक्सरवर काय होतं ते आत्ताच बघून ठेवा. माईक अडकला तर ऑपरेटरने काय दाबायचं ते यावरच ठरतं.

टप्पा ४: स्टेजवर जागा

वाजवायला बसलेल्या स्थितीत तोंड जिथे असतं, तिथून दोन-तीन इंचांवर माईक हवा. मान वळवून वाकावं लागलं तर माणूस बोलत नाही, किंवा बोलताना हात चुकतो. कार्डिऑइड माईकची पाठ सगळ्यात बहिरी असते. ती पाठ झांजांकडे किंवा ताशाकडे करा, म्हणजे अर्धी गळती तिथेच थांबते.

पायाची डबी सस्टेन पेडलच्या शेजारी ठेवू नका. भर गाण्यात पाय चुकतो. सस्टेन उजव्या पायाला असेल तर डबी डाव्या पायाला. स्टेजवर प्लाय आणि वर पातळ सतरंजी असते, त्यावर डबी सरकत जाते. सतरंजी बाजूला करून ती प्लायला चिकटवा.

केबल विजेच्या वायरीबरोबर समांतर नेऊ नका. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. घरघर येत असेल तर केबल बदला, जागा बदला, पण कुठल्याही यंत्राच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. ओल्या जमिनीवर, जनरेटरवर चाललेल्या मंडपात अर्थिंग काढणं म्हणजे जिवाशी खेळ.

हिवाळ्यात रात्री दहा-अकराला इथे दव एवढं पडतं की सतरंजी हाताला ओली लागते. केबलचा सांधा जमिनीवर पडू देऊ नका. मी जांभ्याचा एक तुकडा ठेवतो, त्यावर सांधा, वर प्लॅस्टिकची पिशवी, तोंड खाली.

टप्पा ५: माईक जोडणं आणि लेव्हल

आता माईक जोडा. चॅनल अजून म्यूटच आहे. डायनॅमिक माईकला फँटम बंद, ऑप्टोगेट असेल तर चालू.

गेन (माईकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवायचा ते) लावताना वादकाला ‘हॅलो चेक’ म्हणायला लावू नका. कार्यक्रमात तो जसा बोलेल तसा बोलायला सांगा, आणि मागे बाकीचे वाजवत असताना. शांततेत माणूस हळू बोलतो, वाजू लागलं की ओरडतो. डिजिटल मिक्सरवर मीटर उणे १८ डेसिबलच्या आसपास खेळेल, जोरात बोलल्यावर उणे १० पर्यंत जाईल, एवढा गेन पुरे.

लो-कट (खालचा खर्ज कापणारा फिल्टर) १५० हर्ट्झपर्यंत आणा. मंजुळ आवाज इथे नकोच आहे. ढोलाचा घुमारा गेला की शब्द आपोआप पुढे येतात. अजून स्पष्टता हवी तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा. वर ८ किलोहर्ट्झनंतर कापलं तर झांजांची चरचर कमी होते. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी सोय) ४ ला १, जोरात बोलल्यावर पाच-सहा डेसिबल दाबेल एवढा, म्हणजे ओरडला तरी दुसऱ्याच्या कानात सुई टोचणार नाही.

पायाचा स्विच असेल तर गेटची, म्हणजे ठरावीक पातळीखाली माईक आपोआप बंद करणाऱ्या सोयीची, गरज नाही. स्विच नसेल आणि गेटवरच भागवायचं असेल, तर थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, ड्रम वाजत असतानाच लावा. होल्ड, म्हणजे बोलणं थांबल्यावरही गेट उघडा राहण्याची वेळ, पाव सेकंद तरी ठेवा, नाहीतर शब्दांची शेपटं तुटतात आणि ‘वाजवा’चं नुसतं ‘वाज’ ऐकू येतं. पण गेट फसवा असतो. ड्रमवाल्याने जोराचा उठाव घेतला की तो उघडतोच. ज्याच्यासमोर मोठं वाद्य आहे त्याला गेटवर ठेवू नका, स्विच द्या.

टप्पा ६: कानांत देणं

आता टप्पा १ चा कागद काढा. ज्या चौकटीत हो आहे तोच सेंड उघडा, प्री-फेडर. सगळे सेंड एकदम वर नेऊन मग कमी करत बसू नका. शून्यापासून सुरुवात करा. कानात घट्ट बसलेल्या इअरफोनमध्ये अचानक आलेला मोठा आवाज कानाला इजा करतो. प्रत्येक कानाच्या बसवर लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे न जाऊ देणारा) आधी लावलेला असलाच पाहिजे.

लेव्हल सगळ्यात जोराच्या गाण्यावर ठरवा. संचाचं सगळ्यात दणदणीत गाणं वाजवा, संयोजकाने मधेच एक शब्द बोलायचा, आणि ज्याला तो कळला त्याने हात वर करायचा. शब्द कळला पाहिजे, दचकायला नको. ज्याचा हात वर आला नाही त्याचाच सेंड वाढवा, सगळ्यांचे नको.

ऑपरेटरला विसरू नका. तो कार्यक्रमभर हेडफोन घालून बसत नाही. त्याला एका बसवरून छोटा स्पीकर द्या, मिक्सरच्या बाजूला, आवाज फक्त त्याला कळेल एवढा. बस शिल्लक नसेल तर टॉकबॅकचे चॅनल स्क्रीनच्या पहिल्याच पानावर आणा, म्हणजे मीटर हलला की तो हेडफोन उचलेल.

टप्पा ७: बाहेर जाऊन ऐकणं

हा टप्पा मिक्सरजवळ बसून होत नाही. मुख्य स्पीकर कार्यक्रमाच्या लेव्हलला ठेवा, म्यूट काढा. एका वादकाला टॉकबॅकवर सलग आकडे मोजायला सांगा. एकाने मुख्य स्पीकरसमोर, एकाने दूरच्या कर्ण्याखाली उभं राहायचं, आणि एकाने शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याला हेडफोन लावून ऐकायचं. लाइव्ह जात असेल तर मोबाईलवर तेही बघा. पन्नासपर्यंत मोजून होईस्तोवर तिघांनाही काही ऐकू येता कामा नये.

आमचा एक जुना सहकारी कर्ण्याखालून फोन करून सांगतो, ‘भायर कायच ऐकाक येना नाय.’ ते ऐकल्यावरच मी पुढे जातो.

मग उलटी परीक्षा. टॉकबॅकचा फेडर मुद्दाम वर न्या. तरीही बाहेर शांतता हवी. गायकांचा म्यूट ग्रुप दाबा, टॉकबॅक कानात चालूच राहिला पाहिजे. टॉकबॅकचा ग्रुप दाबा, तो बंद झाला पाहिजे. कार्यक्रमात वापरायचे सगळे सीन एकेकदा बोलावून पुन्हा ऐका.

सावध: ही परीक्षा संपल्यावर कुणी नवीन लाईन मागितली, म्हणजे स्थानिक वाहिनीवाला ऐनवेळी आला किंवा मंडळाने आणखी एक स्पीकर आणला, तर ती लाईन दिल्यावर हा टप्पा पुन्हा करायचा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

टप्पा ८: बोलायचं काय आणि केव्हा

वायरिंग बिनचूक असूनही टॉकबॅक फुकट जातो तो इथे. तालमीतच शब्द ठरवा, कागदावर लिहा, सगळ्यांनी तेच वापरा.

आधी नाव, मग हुकूम. ‘ढोलकी, थांब’ म्हणा, ‘थांब रे जरा ढोलकी’ नको. तीन-चार शब्दांपुढे जाऊ नका.

कानात सारखे ऐकू येणारे शब्द टाळा. ‘अंतरा सोडा’ आणि ‘अंतरा जोडा’ यांत गोंधळ होणारच. आम्ही ‘सोडा’ऐवजी ‘थेट मुखडा’ म्हणतो, आणि वाढवायचं असेल तर ‘पुन्हा अंतरा’. पट्टीचंही तसंच. ‘काळी दोन’ आणि ‘काळी तीन’ यांतला फरक गोंगाटात पुसला जातो. पट्ट्या इंग्रजी नावांनी सांगितल्या तर ‘सी शार्प’ आणि ‘डी शार्प’ यांसारखी नावं त्याहून वाईट. म्हणून पट्टी सांगताना बोलायचं आणि बोटंही दाखवायची, दोन्ही. आदल्या गाण्याच्या मानाने एक वर किंवा एक खाली असेल तर तसंच सांगा, ते लवकर कळतं.

वेळ महत्त्वाची. मुखडा सुरू झाल्यावर ‘थेट मुखडा’ सांगून उपयोग नाही. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीच्या आधी सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला एक पूर्ण आवर्तन मिळतं. समेवर बोलू नका. समेवर सगळ्यांचं लक्ष हातात असतं. आणि गायक वरच्या सुरावर असताना पाय डबीवर जाऊच देऊ नका.

रात्री दहाची वेळ हा आपल्याकडचा खास प्रसंग. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतो. काही ठरावीक दिवशीच सरकार बारापर्यंत सूट देतं. निवेदन लांबलं, सत्कार वाढले की पावणेदहाला तीन गाणी बाकी असतात. त्यावेळी कुठलं गाणं गाळायचं हे टॉकबॅकवर चर्चा करून ठरवू नका. गाळायच्या गाण्यांचा क्रम आधीच यादीवर लिहून ठेवा, म्हणजे संयोजकाने नुसतं ‘गाळ एक’ किंवा ‘गाळ दोन’ म्हटलं की पुरे. इथेही सोबत बोटं दाखवायची.

आणि कुणाच्या चुकीबद्दल टॉकबॅकवर बोलू नका. काय झालं ते नंतर, समोरासमोर. टॉकबॅकवर फक्त पुढे काय करायचं तेवढंच. वाट कितीही बंद केलेली असली तरी.

टप्पा ९: मधेच बिघडलं तर

माईक उघडा अडकला तर ऑपरेटरने टॉकबॅकचा ग्रुप म्यूट करायचा. त्यानंतरच स्टेजवर केबल काढायची, उलट क्रमाने नाही, नाहीतर सगळ्यांच्या कानात धाडकन आवाज बसतो. एकाला ऐकू येत नसेल आणि बाकीच्यांना येत असेल तर माईकला हात लावू नका. दोष त्याच्या सेंडमध्ये, ट्रान्समीटरमध्ये किंवा बॅटरीत आहे. कुणालाच ऐकू येत नसेल तर आधी म्यूट बघा, मग डबीची केबल. कार्यक्रमात दुरुस्ती करायला बसू नका. टॉकबॅक बंद करा आणि हाताच्या खुणांवर या. तालमीत खुणाही ठरवलेल्या हव्यात. मूठ म्हणजे कट, हवेत गोल फिरवलेलं बोट म्हणजे पुन्हा मुखडा.

टप्पा १०: आवरताना

किनाऱ्यावरच्या कार्यक्रमानंतर माईक आणि डबी त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसा. फोमची टोपी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. ती ओली असताना माईकवर चढवून पेटीत ठेवली तर जाळीला आतून गंज चढतो. एक्सएलआरच्या पिनांना घरातलं तेल किंवा रॉकेल लावू नका, त्यावर वाळू आणि धूळ चिकटते. काँटॅक्ट क्लीनरच वापरा, तोही थोडा. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. निळ्या दाण्यांची पुडी गुलाबी झाली की ती ओल पिऊन भरली आहे असं समजा आणि बदला. आमच्याकडे भर पावसात ती आठवड्याच्या आत गुलाबी होते.